राष्ट्राला बाप्तिस्मा देता येतो का?

‘ख्रिस्ती राष्ट्र’ हे शब्द हल्ली बातम्यांत, प्रचारसभांत आणि चर्चमधल्या उपदेशांतही सारखे कानावर पडतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : कायद्याने स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे देश आज खरोखर आहेत का, की ही इतिहासजमा गोष्ट आहे?

आहेत, पण सगळे एका जातकुळीचे नाहीत. डेन्मार्कच्या घटनेत १८४९ पासून इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चला ‘डॅनिश लोकांचं चर्च’ हा मान आहे आणि त्याला आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. कोस्टा रिकाच्या घटनेत कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म आहे. झांबियाचे राष्ट्राध्यक्ष फ्रेडरिक चिलुबा यांनी २९ डिसेंबर १९९१ रोजी देश ख्रिस्ती असल्याचं जाहीर केलं. १९९६ मध्ये ते घटनेच्या प्रास्ताविकेत आलं आणि सोबत प्रत्येकाच्या धर्मस्वातंत्र्याची हमीही आली. सामोआने २०१७ मध्ये घटनेच्या पहिल्याच कलमात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा उल्लेख घातला. स्वीडन आणि नॉर्वे यांची वाट उलट आहे. स्वीडनने २००० मध्ये चर्च राज्यापासून वेगळं केलं, तर नॉर्वेने २०१२ च्या घटनादुरुस्तीने राज्याचा अधिकृत धर्म काढून टाकला.

इंग्लंडचं उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. तिथे राजा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख असतो आणि त्या चर्चच्या २६ बिशपांना हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा असतात. ६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. जेरुसलेममध्ये आशीर्वादित केलेलं तेल आणलेलं होतं. अभिषेकाच्या क्षणी राजाभोवती तिन्ही बाजूंनी पडदे उभे केले, कारण तो विधी माणूस आणि देव यांच्यातला मानला जातो. जगभर सगळा सोहळा दाखवला गेला, तेवढा क्षण मात्र कॅमेऱ्याला दिसला नाही. त्याच्या दोन वर्षं आधीच्या, म्हणजे २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ४६.२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवलं होतं. हे प्रमाण पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आलं. म्हणजे कायदा आणि परंपरा पाहिली तर देश ख्रिस्ती, शिरगणती पाहिली तर नाही. पडद्याआड तेल लागलं ते एका माणसाला, देशाला नाही, आणि मला तो पडदा या साऱ्या वादातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

प्रश्न : माझे दोन भाऊ अमेरिकेत असतात आणि या विषयावरून एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत. एक म्हणतो, अमेरिकेची स्थापनाच ख्रिस्ती राष्ट्र म्हणून झाली. दुसरा म्हणतो, तिचे संस्थापक धर्म मानतच नव्हते. खरं काय?

दोघांकडेही अर्धाच कागद आहे. आधी दुसऱ्या भावाचं घेऊ. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत जॉन विदरस्पून हे प्रेस्बिटेरियन पाळक होते. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे थॉमस जेफरसन येशूची नीती मानत, चमत्कार मानत नसत. सगळ्यांना एकाच माळेत ओवता येत नाही.

आता पहिल्या भावाचं. जाहीरनाम्यात ‘निर्माता’ आहे, ख्रिस्ताचं नाव नाही. १७८७ च्या घटनेत देवाचा उल्लेख शोधू गेलं तर अगदी शेवटी, सह्यांच्या वरच्या तारखेत, ‘आपल्या प्रभूच्या वर्षी’ एवढे शब्द सापडतात. तारीख लिहायची ती त्या काळची रीतच होती. उलट सहावं कलम स्पष्ट सांगतं, की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने संसदेला अधिकृत धर्म स्थापन करायला मनाई केली. १७९७ मध्ये सिनेटने उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोली या मुस्लिम राज्याशी झालेला तह एकमताने मान्य केला. त्यात अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही, असं वाक्य आहे. तहाच्या अरबी प्रतीत ते कलम नाही, पण सिनेटने मंजूर केला तो इंग्रजी मजकूर आणि त्यात ते आहे.

पहिला भाऊ बहुधा १८९२ चा निकाल पुढे करेल. न्यूयॉर्कच्या एका चर्चने इंग्लंडहून पाळक नेमला आणि परदेशी मजूर करारावर आणण्याविरुद्धचा कायदा त्या चर्चला लागू करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला आणि न्यायमूर्ती डेव्हिड ब्रूअर यांनी ‘हे ख्रिस्ती राष्ट्र आहे’ असं लिहिलं. पण पुढे १९०५ मध्ये ब्रूअर यांनीच खुलासा केला, की ख्रिस्ती हा इथला अधिकृत धर्म आहे किंवा लोकांवर त्याची सक्ती आहे, असा त्याचा अर्थ नाही. समाजाचं वर्णन आणि राज्याची व्याख्या या दोन गोष्टी आहेत, हे त्यांना नीट कळत होतं.

मात्र दोघा भावांना मला सर्वांत आधी सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे. चर्च आणि राज्य वेगळी ठेवा, हा हट्ट फक्त धर्म न मानणाऱ्यांनी धरला नव्हता. मॅसॅच्युसेट्समधले प्युरिटन हे कडवे प्रोटेस्टंट इंग्लंडमधल्या छळातून निघून आले आणि त्यांनी आपल्या मनासारखं ख्रिस्ती राज्य उभारलं. त्या राज्याने १६३५ मध्ये रॉजर विल्यम्स या पाळकाला हद्दपार केलं. १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर पंथाच्या बाईला बोस्टनमध्ये फाशी दिलं, तेही बंदी मोडून ती पुन्हा शहरात आली म्हणून. फाशी देणारे आणि फाशी जाणारी, दोघेही त्याच ख्रिस्ताचं नाव घेत होते. पुढे १८०१ मध्ये कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या जेफरसनना पत्र लिहिलं. त्यांच्या राज्यात दुसऱ्याच पंथाचं चर्च सरकारमान्य होतं आणि यांना धर्मस्वातंत्र्य मिळायचं ते हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून. चर्च आणि राज्य यांच्यातल्या ‘भिंती’चा प्रसिद्ध शब्द १ जानेवारी १८०२ च्या जेफरसनच्या उत्तरात येतो. म्हणजे ते पत्र ज्यांना लिहिलं, ती बायबल छातीशी धरणारी माणसं होती.

आणखी एक गोष्ट. घटनेत देवाचं नाव हवं असेल, तर ते १८६१ मध्ये दक्षिणेतल्या फुटीर राज्यांनी आपल्या घटनेत घातलं. प्रास्ताविकेतच सर्वशक्तिमान देवाची कृपा आणि मार्गदर्शन मागितलं आहे. त्याच घटनेने माणसांना गुलाम म्हणून बाळगण्याचा हक्क पक्का केला.

प्रश्न : कॉन्स्टंटाईनने रोमन साम्राज्य ख्रिस्ती केलं, असं शाळेत शिकलो. मग पहिलं ख्रिस्ती राष्ट्र रोमच ना?

नाही. तो मान परंपरेने आर्मेनियाला जातो. राजा तिसरा तिरिदातेस याने ग्रेगरी या धर्मप्रचारकाच्या हातून धर्म स्वीकारला, ते साल ३०१ मानतात. कॉन्स्टंटाईनच्या काळात, ३१३ मध्ये, ख्रिस्ती लोकांना फक्त मोकळीक मिळाली. साम्राज्याचा धर्म म्हणून शिक्का बसला तो ३८० मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या फर्मानाने. त्यानंतर पाचएक वर्षांतच ट्रियर शहरात प्रिसिलियन नावाच्या बिशपचा सम्राट मॅक्सिमसच्या हुकमाने शिरच्छेद झाला. पाखंडाच्या वादातून ख्रिस्ती राज्यकर्त्याने ख्रिस्ती माणसाचा जीव घेतला, तो हा पहिला प्रसंग समजतात. तूर्सचे बिशप मार्टिन त्याला वाचवायला सम्राटापुढे गेले होते. शेवटी त्यांचं ऐकलं गेलं नाही.

प्रश्न : आमच्या पाळकांनी ‘ज्या राष्ट्राचा देव परमेश्वर आहे ते धन्य’ या वचनावर उपदेश केला आणि म्हणाले, राष्ट्र ख्रिस्ती व्हावं अशी प्रार्थना करणं प्रत्येक विश्वासणाऱ्याचं कर्तव्य आहे. यात चूक काय?

प्रार्थनेत काहीच चूक नाही. देशासाठी, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायला शास्त्रच सांगतं. पण स्तोत्र ३३ मधलं ते वचन पुढे वाचा. ‘जे लोक त्याने आपले वतन म्हणून निवडून घेतले आहेत’ असा त्याचा उत्तरार्ध आहे. ते इस्राएलाबद्दल आहे. आज नकाशावर असलेला कुठलाही देश उठून ‘ते आम्हीच’ असं म्हणू लागला, तर त्याने दुसऱ्याच्या नावचं पत्र फोडलं असंच मी म्हणेन.

नव्या करारात ‘पवित्र राष्ट्र’ हे शब्द येतात, पेत्राच्या पहिल्या पत्रात. ते कोणाला लिहिलेत? पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत पांगलेल्या, उपरे म्हणून राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांना. त्यांच्याकडे ना सीमा होती, ना सैन्य. त्याच अध्यायात त्यांना ‘प्रवासी व परदेशवासी’ म्हटलं आहे. पवित्र राष्ट्र ते हेच.

मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातली आज्ञाही या वादात नेहमी येते. ‘सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ असं आपण मराठीत वाचतो. मूळ ग्रीकमध्ये ‘लोक’ हा शब्द नाही, थेट ‘सर्व राष्ट्रांना शिष्य करा’ असं आहे, आणि त्यावर पुष्कळांनी मोठे इमले बांधले. पण पुढचा शब्द बघा. ग्रीकमधलं ‘राष्ट्र’ मराठीतल्यासारखंच नपुंसकलिंगी आहे. ‘त्यांना बाप्तिस्मा द्या’ यातलं ‘त्यांना’ मात्र पुल्लिंगी आहे. एका वाक्यात लिंग बदललं आहे. नजर राष्ट्रांवरून माणसांवर आली आहे. मराठी ‘त्यांना’मध्ये लिंग दिसत नसल्याने हे आपल्या लक्षात येत नाही, पण भाषांतरकारांनी ‘राष्ट्रांतील लोक’ असं लिहून तोच अर्थ राखला, याचं मला फार अप्रूप वाटतं. बाप्तिस्मा घ्यायला माणूस पाण्यात उतरतो, त्याला त्याच्या नावाने हाक मारतात, तो उत्तर देतो किंवा त्याच्या वतीने कोणी देतं. देशाला गुडघे नसतात. पश्चात्ताप करायला लागणारं मनही देशाच्या कायद्यात कुठे नसतं.

आणि रोमन सुभेदार पिलातापुढे उभं असताना येशू स्वतः काय म्हणाला? ‘माझे राज्य या जगाचे नाही.’ ते असतं तर माझ्या सेवकांनी लढाई केली असती, असंही लगेच पुढे म्हणाला. तुमच्या पाळकांना मी आदराने एवढंच विचारेन, की एखाद्या रविवारी त्या वचनावरही ते बोलतील का?

प्रश्न : देशातले नव्वद टक्के लोक ख्रिस्ती असतील, तर त्याला ख्रिस्ती राष्ट्र म्हणायला हरकत काय? शब्दाचा एवढा कीस कशाला?

भूगोलाच्या पुस्तकात म्हणा, हरकत नाही. पण रवांडाची आठवण ठेवून म्हणा.

रवांडाचा राजा तिसरा मुतारा रुदाहिग्वा याने १९४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९४६ मध्ये आपला देश ख्रिस्तराजाला अर्पण केला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले सुमारे ९० टक्के लोक ख्रिस्ती होते. एप्रिल १९९४ मध्ये तिथल्या तुत्सी या अल्पसंख्य समाजाची कत्तल सुरू झाली. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. पूर्वीच्या दंगलींत चर्चमध्ये आसरा मिळाला होता, म्हणून लोक या वेळीही चर्चकडे धावले. न्यामाताचं चर्च आज स्मारक आहे. बाकांवर मेलेल्यांच्या कपड्यांचे ढीग आहेत, मातीच्या रंगाचे झालेले. पत्र्याच्या छपराला भोकं पडली आहेत आणि त्यांतून उन्हाचे कवडसे आत येतात. वेदीवरच्या कापडावर रक्ताचे डाग आहेत. मारायला आलेल्यांत आणि मेलेल्यांत एकाच धर्मात बाप्तिस्मा झालेले शेजारी होते. काही ख्रिस्ती माणसांनी जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना लपवलं, हेही खरं आहे, आणि काही धर्मगुरूंनी मारेकऱ्यांना साथ दिली, हेही. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली.

नव्वद टक्के हा आकडा त्या छपराखाली काय कामाचा होता? तुम्ही कीस म्हणता, पण तो काढायलाच हवा. आकडा चांगला भरला की ‘आपण ख्रिस्ती आहोतच’ असं वाटू लागतं आणि तपासायचं राहून जातं. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात राष्ट्रं न्यायासनापुढे जमा होतात, तेव्हा किती टक्के कोण होते हे कोणी विचारत नाही. ‘मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले’ का, हे विचारलं जातं.

प्रश्न : मग धर्म घरापुरता ठेवायचा आणि सार्वजनिक जीवनात तोंड मिटून बसायचं, असंच ना?

मुळीच नाही. अमेरिकेतले फ्रेडरिक डग्लस यांनी गुलामीतून सुटल्यावर १८४५ मध्ये लिहिलं, की या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांच्यात मोठ्यात मोठं अंतर आहे. हे त्यांनी ख्रिस्ताच्या बाजूने उभं राहून लिहिलं. घरात बसून नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या १९६१ च्या घटनेची सुरुवात सर्वशक्तिमान देवापुढे नम्र होऊन होते आणि त्याच राज्यात वर्णभेद हा कायदा होता. डच रिफॉर्म्ड चर्चने त्याला धर्मशास्त्राचा आधार पुरवला. सुरुवात साधीच होती. १८५७ मध्ये त्यांच्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ गोऱ्यांच्या आणि इतरांच्या उपासना वेगळ्या घ्यायला मुभा दिली होती.

ऑगस्ट १९८२ मध्ये ओटावा इथे जगभरातल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांची परिषद भरली. सुरुवातीला प्रभुभोजनाचा विधी होता. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या काही कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय प्रतिनिधींनी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला नकार दिला. मायदेशी ज्या चर्चच्या मेजावर आम्हाला जागा नाही, त्यांच्यासोबत इथे परक्या शहरात बसणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच परिषदेने वर्णभेदाचं समर्थन हे पाखंड ठरवलं आणि दोन गोऱ्या चर्चचं सदस्यत्व स्थगित केलं.