सहा चाकं नंतर, आधी ते पत्र

ऑक्टोबर 2025 मधलं वाचकाचं पत्र, थोडक्यात: "ऑगस्ट 2022 मध्ये आम्ही दोघं पुण्याहून पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन कॅनडात, ओंटारिओत आलो. किचनरजवळ एका शेतकऱ्याच्या कोठारात सहा चाकांची, पाण्यातही चालणारी जुनी गाडी पडून आहे. तो तिला अॅम्फिकॅट म्हणतो आणि 3,500 डॉलर मागतो. मला इंजिनांचा पहिल्यापासून नाद. हिवाळ्यात गॅरेजमध्ये दुरुस्त करून वसंतात विकीन म्हणतो, अशा गाड्यांना 20,000 मागितलेले पाहिलेत. त्यासाठी टीएफएसएमधून (करमुक्त बचत खात्यातून) 10,000 काढावेत की लाइन ऑफ क्रेडिट वापरावी? विकल्यावर पैसे लगेच परत भरीन. खात्यात 60,000 आहेत, मार्च 2024 मध्ये एकरकमी टाकले. ओळखीच्या एजंटने मर्यादा 95,000 असल्याचं सांगून सेग फंडात (विमा कंपनीच्या हमीवाल्या फंडात) लावून दिले. त्याबद्दल सीआरएचं, म्हणजे इथल्या कर खात्याचं, एक पत्रही आलंय, पण एजंट म्हणतो, ते सगळ्यांनाच येतं. सौ.चं खातं अजून उघडलेलं नाही. गाडीचे फोटो आणि फंडाचं स्टेटमेंट जोडलंय."

तुम्ही दहा हजारांचं विचारलंत. मी साडेतेहतीस हजारांचं सांगतो, कारण तेवढे तुम्हाला या महिन्यातच बाहेर काढायचे आहेत. गाडी घ्या अगर घेऊ नका.

95,000 हा आकडा खोटा नाही, फक्त तो तुमचा नाही. 2009 साली टीएफएसए सुरू झालं तेव्हापासून जो सलग इथला रहिवासी आहे आणि तेव्हाच अठरा पूर्ण होता, त्याची 2024 ची एकूण मर्यादा 95,000. तुमचं मीटर 2022 ला सुरू झालं. त्या वर्षीचे 6,000, 2023 चे 6,500, 2024 चे 7,000. झाले 19,500. तुम्ही टाकले 60,000. म्हणजे 40,500 जास्त, आणि जास्तीच्या रकमेवर महिन्याला एक टक्का कर. महिना 405 डॉलर, मार्च ते डिसेंबर दहा महिने, चार हजार पन्नास झाले. जानेवारी 2025 ला आणखी 7,000 ची जागा मिळाली, जास्तीचे उरले 33,500. महिना 335, ऑक्टोबरअखेर तीन हजार तीनशे पन्नास. एकूण सात हजार चारशे, आणि या जादा रकमेच्या कराचा 2024 चा फॉर्म, आरसी243, जून 2025 अखेरपर्यंत भरायचा होता, तो भरलेला नसणार. त्यामुळे उशिराचा दंड आणि व्याज वेगळं.

सीआरएचं ते पत्र सगळ्यांना येत नाही. ज्यांनी जास्त भरलेत त्यांना येतं. एजंटने ते तुमच्याकडून नुसतं वाचून जरी घेतलं असतं तरी त्याला हे कळलं असतं, पण मग 60,000 वरचं कमिशन गोत्यात आलं असतं ना. दिवाळीच्या कार्यक्रमात "आपलाच माणूस" म्हणून भेटणाऱ्या या जमातीला मी आता वैतागलोय.

आता तो सेग फंड. तुमच्या स्टेटमेंटवर वार्षिक खर्च 2.8 टक्के छापलाय. साठ हजारांवर वर्षाला जवळजवळ सतराशे डॉलर, बाजार वर जावो की खाली. बदल्यात काय? 75 टक्के हमी. म्हणजे मुदत संपेपर्यंत, निदान दहा वर्षं, पैसे ठेवलेत तर 60,000 पैकी 45,000 परत मिळतील याची लेखी खात्री. पंचवीस टक्के बुडाले तरी कंपनी आपला शब्द पाळला म्हणणार! मृत्यूनंतर वारसांना मिळणाऱ्या हमीला काही घरांत अर्थ असतो, धंद्यात कर्ज देणारे मागे लागलेले असतील तर असतो. तुम्ही दोघं नोकरदार, तिशीतले. तुम्हाला हे विकायचं काही कारण नव्हतं. एक बरं आहे: जून 2023 नंतरच्या नव्या करारांत लवकर बाहेर पडल्याचा पूर्वीसारखा दंड लावता येत नाही, त्यामुळे काढायला अडचण नसावी. तरी करार एकदा उघडून बघा.

तर 33,500 काढा. कर त्या महिन्यातल्या सर्वांत मोठ्या जादा रकमेवर लागतो, म्हणून एक तारखेला काढलेत तरी तो अख्खा महिना भरावा लागतो. 31 च्या आत पैसे खात्याबाहेर हवेत. आणि "विकल्यावर लगेच परत भरीन" हे तर डोक्यातून काढूनच टाका. काढलेल्या पैशाची जागा पुढच्या एक जानेवारीलाच परत मिळते, आणि तुमच्या बाबतीत ती जागा मुळात नव्हतीच. जानेवारीत तुम्हाला नव्या वर्षाची मर्यादा मिळेल, तेवढीच.

काढलेल्यातले 26,500 सौ.च्या नावाने टीएफएसए उघडून तिथे टाका. त्या तुमच्याबरोबरच आल्या, त्यांची जागा तेवढीच आणि पूर्ण रिकामी आहे. नवऱ्याने बायकोला या खात्यासाठी पैसे दिले तर त्यावर काही कर नाही. तिथे साधा इंडेक्स ईटीएफ (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा फंड) घ्या, खर्च पाव टक्क्याच्या आत. उरले 7,000. ते बचत खात्यात बाजूला ठेवा, ते सीआरएचे आहेत, आणि तेवढ्यानेही पुरणार नाही. दोन्ही वर्षांचे फॉर्म भरा, कर भरा, आणि सोबत माफीचा विनंतीअर्ज लिहा: चूक प्रामाणिक होती, कळताच पैसे काढले, ही तारीख, हा पुरावा. अशी सूट देण्याचा अधिकार त्यांना आहे. मिळेलच असं धरून चालू नका. एजंटचा 95,000 वाला मेसेज असेल तर जोडा. फार उपयोग होईल असं नाही, पण त्याच्याविरुद्ध तक्रार करायची झाली तर लागेल.

आता गाडी. माझे एक ग्राहक निवृत्त मेकॅनिक आहेत, असल्या गाड्या खोलतात. तुमचे फोटो त्यांना दाखवले. तिसरा फोटो मोठा करून त्यांनी डाव्या बाजूच्या रिकाम्या पट्ट्यावर बोट ठेवलं: इंजिन बसवायच्या बोल्टांची चार भोकं, खाली तेलाचा डाग. उजव्या बाजूला छोटं टू-स्ट्रोक इंजिन आहे, डावीकडचं गायब. अॅम्फिकॅटला एकच इंजिन असतं, त्यातूनच दोन्ही बाजूंना जोर जातो. दोन बाजूंना दोन स्वतंत्र इंजिनं म्हणजे जिगर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथेच ओंटारिओत निघालेली, या जातीतली अगदी पहिल्यांपैकी. पुढे 1967 ला न्यू हॅम्बर्गमध्ये याच जातीची आर्गो सुरू झाली, ती कंपनी आजही गाड्या बनवते. जिगरवाले दशक संपायच्या आत बुडाले.

म्हणजे वस्तू दुर्मीळ आहे, तुमच्या शेतकऱ्याला कल्पना आहे त्यापेक्षा जास्त. पण दुर्मीळ आणि किमती यात फरक असतो. या गाड्यांची चाकं वळत नाहीत, एका बाजूचा जोर कमी केला की गाडी त्या बाजूला वळते. अर्ध्या इंजिनांची जिगर घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी फिरेल. जोडीचं इंजिन शोधायला वर्ष लागू शकतं. आतल्या चेन पाण्यात राहून गंजलेल्या, प्रत्येक चाकाचं बेअरिंग आणि सील बदलायचं, नाहीतर तळ्यात उतरल्यावर गाडीचा टब, म्हणजे तिचा होडीसारखा सांगाडा, पाण्याने भरायला लागतो. त्या दोन-तीन पीएसआय हवेच्या फुगीर टायरांना तडे गेलेत, ते फोटोतही दिसतात. इंजिन 800, टायर 1,200, बेअरिंग-सील-चेन 700, टबचं प्लास्टिक सांधणं आणि रंग 600, ने-आण. 3,500 धरून सात हजार. तुमच्या हिवाळ्याची मजुरी शून्य धरून. आणि 20,000 ही मागितलेली किंमत होती, कोणी दिलेली नव्हे. माझे मेकॅनिक म्हणाले, पूर्ण चालती जिगर पाच हजारांना गेली तरी त्यांना आश्चर्य वाटेल.

लाइन ऑफ क्रेडिट तर यासाठी अजिबात नको. नफ्याच्या आशेने कर्ज काढून विकत घेतलेल्या छंदाला छंद म्हणत नाहीत, आणि नफा झालाच तर तो धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवावा लागेल.

छंद म्हणून घ्यायची असेल तर पगारातून घ्या, सीआरएचा हिशेब मिटल्यावर, आणि पंधराशेच्या वर जाऊ नका. भाव करताना पहिला प्रश्न दुसऱ्या इंजिनाचा विचारा. कोठारातच कुठेतरी खोक्यात पडलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. मालकाकडून विक्रीची सही-तारखेची पावती घ्या, कारण स्वतःच्या जमिनीबाहेर चालवायला ओंटारिओत नोंदणी आणि विमा दोन्ही लागतात.