बार्शीचे जुने फोटो कुठं मिळतील? गावाचे जुने फोटो आणि आठवणी कुणाकडे आहेत का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा बार्शीजवळच्या खेड्यातले, तरुणपणीच मुंबईला मिलमध्ये गेले, घरात त्यांचा एक स्टुडिओतला फोटो सोडला तर गावाचं काहीच नाही आणि नेटवर बार्शी टाकलं की भगवंताच्या देवळाचे हल्ली मोबाईलवर काढलेले फोटो येतात. तेच येणार हो. मी बार्शीचाच, आता नोकरीमुळे पुण्यात, आणि आमच्या घरातले सगळे अल्बम फिरत फिरत माझ्याकडे आलेत कारण बाकी कुणाला नको होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात गावाचा फोटो म्हणून फोटो काढायची पद्धतच आपल्याकडे नव्हती. आमच्या वडिलांकडे अगफाचा क्लिक थ्री होता, त्यात १२० चा रोल बसायचा आणि एका रोलवर बारा फोटो. बारा! त्यात पांडे चौकाचा नाहीतर भाजी मंडईचा फोटो काढून कोण वाया घालवणार? लग्न, मुंज, बारसं, साहेबाची बदली, निरोप समारंभ, आणि म्हातारं माणूस गेलं की खुर्चीत बसवून शेवटचा फोटो, संपला रोल. त्यामुळं जुनं गाव बघायचं असेल तर ते माणसांच्या मागं बघावं लागतं, तेही कडेकडेनं, खांद्याच्या वरून, जिथं फोटो काढणाऱ्याचं लक्ष नव्हतं तिथं.

आमच्याकडचा सगळ्यात चांगला असा फोटो म्हणजे आत्याच्या पाठवणीचा. बार्शी टाऊन स्टेशनवरचा. मागं तात्यांनी (आजोबांनी) मोडीत दोन ओळी लिहिल्यात, आम्हाला कुणालाच वाचता येईना, शेवटी मोडी शिकवणाऱ्या एका सरांना दाखवलं तेव्हा कळलं की मार्गशीर्ष शके १८८६, म्हणजे १९६४ चा शेवट, आणि पुढं लग्नाला आलेल्या खर्चाचा आकडा! बाकी काही नाही, मुलीचं नावसुद्धा नाही. तात्या तसेच होते.

तर त्या फोटोत मधोमध आत्या, डोळे बारीक केलेले. रडून नव्हे, तोंडावर ऊन आहे म्हणून. त्या कॅमेऱ्याला सूर्य पाठीमागं ठेवूनच फोटो काढावा लागायचा, त्यामुळं आमच्या अल्बममधले सगळे लोक कायम कपाळाला आठ्या घालून उभे आहेत आणि खाली मातीत वडिलांची सावली पडलेली आहे, कोपर बाहेर काढलेली. वडील स्वतः त्या काळातल्या एकाही फोटोत नाहीत, सावलीच काय ती. आता तिच्या मागं बघा. डबा किती बुटका आहे ते लगेच कळतं कारण काकांचा फेटा जवळजवळ खिडकीच्या वरच्या कडेला लागतोय. पायाशी ट्रंक, वळकटी, तांब्याची घागर. डाव्या कडेला पोत्यांची थप्पी आणि तिच्यावर बसलेला एक पोरगा जो सरळ कॅमेऱ्यात बघतोय आणि जो कोण आहे हे आजपर्यंत कुणालाच सांगता आलेलं नाही. उजव्या कडेला बैलगाडीचं एक चाक. भिंतीवर बिडीची जाहिरात, अर्धीच आलेली. मला विचाराल तर १९६४ ची बार्शी त्या पोत्यांत आणि त्या चाकात आहे, आत्या बिचारी निमित्त.

ती गाडी म्हणजे बार्शी लाईट. तुमच्या आजोबांनी गाव सोडलं ते बहुतेक तिच्यातूनच, कुर्डुवाडीपर्यंत हिच्यात आणि तिथून पुढं मोठ्या गाडीनं मुंबई. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही लाईन काढली, कंपनी लंडनची, १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. कुर्डुवाडी स्टेशनचं नाव तेव्हा बार्शी रोड होतं, बार्शीचं वजन किती होतं बघा. रूळ फक्त अडीच फुटाचे. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज, असं करत सव्वातीनशे किलोमीटर झाली. कॅलथ्रॉपची हुशारी अशी की इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनापेक्षा जास्त भार येणार नाही असं सगळं डिझाईन केलं, म्हणून हलके रूळ चालले आणि तरी माल भरपूर नेता आला. आणि हे सगळं इथंच का, तर बार्शीला माल यायचा मोगलाईतून. निजामाची हद्द तालुक्याला लागूनच, तिकडचा कापूस, गळिताची धान्यं, डाळी बैलगाड्यांनी बार्शीत उतरायच्या आणि इकडून रेल्वेनं पुढं. आजी निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार रुपया असा फरक करून बोलायची, शाळेत असताना आम्हाला वाटायचं म्हातारी काहीतरी बरळतेय. १९५४ ला सरकारनं कंपनी घेतली आणि २००२ पासून टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झालं, बार्शीची बाजू २००८ च्या सुमारास. (चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढायचे हा किस्सा प्रत्येक बार्शीकर सांगतो, मी तरी कुणाला बोरं घेऊन चढताना बघितलेलं नाही. पण गुडघ्याला गुडघा लागायचा हे खरं, समोरच्याच्या डब्यात भाकरीबरोबर काय आहे ते विचारावं लागायचं नाही.)

या गाडीमुळं तुमचा एक फायदा आहे. वाफेच्या इंजिनांचं वेड असलेले परदेशी लोक, इंग्रज जास्त करून, साठ-सत्तरच्या दशकात कुर्डुवाडीला खास यायचे आणि भरपूर फोटो काढायचे. त्यांना फक्त इंजिन पाहिजे असायचं, पण इंजिनाच्या मागं पाण्याची टाकी, फाटकाशी थांबलेली माणसं, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, शेतं, सगळं आलंय, आणि काही तर रंगीत. नेटवर शोधताना बार्शी लाईट, नॅरोगेज, कुर्डुवाडी, मिरज, लातूर असे शब्द टाका, आणि इंग्रजीत शोधताना बार्शीचं जुनं स्पेलिंग, एच नसलेलं (Barsi), तेही टाकून बघा. शेंद्री, पांगरी, येडशी या स्टेशनांची नावंही. १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, त्यात बार्शीच्या बाजाराचं वर्णन मिळेल पण ते वाचायला, बघायला नाही.

आता आजोबांचा जो स्टुडिओतला फोटो आहे तो टाकाऊ समजू नका. मागचा पडदा नीट बघा. पूर्वी मोगलाईतल्या खेड्यांत स्टुडिओ कुठला, कळंब, भूम, परांड्याकडची माणसं बाजाराला नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला बार्शीला आली की त्यातच फोटो उरकून घ्यायची. त्यामुळं एकमेकांशी काही संबंध नसलेल्या घरांत तोच पडदा सापडतो, तोच जिना, तेच लाकडी स्टुलावरचं प्लास्टिकच्या फुलांचं भांडं. आमच्या पणजोबांच्या मागं एक कारंजं आणि दोन हंस आहेत, आणि तेच हंस मी नंतर येडशीच्या एका पाहुण्यांकडे बघितले, एकाची मान तशीच वाकडी रंगवलेली! पडदा तोच म्हटल्यावर स्टुडिओ तोच, आणि एका फोटोच्या मागं शिक्का असला की दुसऱ्याचं काम भागलं. स्टुडिओवाल्यांकडे निगेटिव्ह असतील या आशेवर मात्र राहू नका, बहुतेकांनी दुकान बदलताना नाहीतर डिजिटल आल्यावर ती पोती उकिरड्यावर टाकली, काहींनी चांदी काढणाऱ्यांना विकली. तरी विचारायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली, गावाचे फोटो गावात नसतातच. लेकी दिल्या तिथं असतात. लग्नाच्या फोटोंच्या कॉप्या काढून पाहुण्यांना पाठवायची रीत होती ना, त्या तिकडं ट्रंकेत राहतात. आमच्या आत्याचं सासर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, आदल्या रात्रीच गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, बार्शीतसुद्धा आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो. तिकडची घरं माळवदाची, दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर लाकडावर मातीचा थर, उन्हाळ्यात एकदम थंड, ती सगळी माणसांवर बसली. आत्या आणि तिचे यजमान वाचले, घर आणि सासू गेली. नंतर गावंच दुसरीकडे वसवली, रुंद सरळ रस्ते आणि एकसारखी घरं, आणि तिच्या नातवंडांना जुनं गाव कसं होतं ते सांगायचं तर दाखवायला काहीच नाही. मग आमच्या अल्बममध्ये तिच्या दिराच्या लग्नाचा एक फोटो सापडला. नवरा-नवरी दारात उभी, मागं त्या वाड्याची दगडी चौकट, कोरलेला गणपती, कोनाड्यात कंदील, आणि वरती माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या, म्हणजे मिरच्या असाव्यात, फोटो काळा-पांढरा आहे. त्या घराचा तेवढाच फोटो जगात आहे. मूळ प्रिंट तिला देऊन टाकली, आमच्याकडे आता कॉपी आहे.

तेव्हा तुमच्या पणजोबांच्या बहिणी, आजोबांच्या बहिणी कुठं दिल्या होत्या ते आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडून काढून घ्या. पुरुषांना विचारू नका, त्यांना आठवत नाही. बार्शी, वैराग, माढा, करमाळा, तिकडं तुळजापूरपर्यंत धागे जातील. शाळांचे वर्गाचे फोटो असतात, बाजार समितीत नाहीतर नगरपालिकेत ग्रुप फोटो भिंतीवर टांगलेले असतात, शाळा-संस्थांच्या जुन्या स्मरणिका असतात ज्यात पहिली पन्नास पानं जाहिराती आणि त्या जाहिरातींतच दुकानांचे फोटो! बहात्तरच्या दुष्काळाचे कुणाकडे मिळाले तर जरूर घ्या, खडी फोडायच्या कामावर अर्धा तालुका होता, मिलोच्या (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीच्या आठवणी सगळे सांगतात पण फोटो फार थोड्यांकडे आहेत, कारण उघड आहे.

कुणी अल्बम दाखवला तर फोटो मागू नका, लोक दचकतात. तिथंच मोबाईलवर काढा. खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोटो टेबलावर सपाट ठेवून बरोबर वरून, आणि मागची बाजूसुद्धा काढायची, तारीख, शिक्का, हिशेब काय असेल ते. काळ्या कागदाचे आणि कोपऱ्याला कॉर्नर लावलेले जुने अल्बम असतील तर फोटो अलगद निघतो, पण ऐंशीनंतरचे ते चिकट पानांचे अल्बम फार वाईट, त्यातून ओढून काढायला गेलात तर फोटोचा पापुद्रा पानालाच राहतो. दातात घालायचा फ्लॉसचा दोरा मिळतो तो मागून हळूहळू सरकवत न्यायचा, निघतो, आणि नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन अजिबात नको, कुणी कितीही आग्रह करू दे.

रंगीत करून देणारी ॲपं आलीत त्याबद्दल माझं मत वाईट आहे. भाच्यानं हौसेनं पाठवणीचा फोटो रंगीत केला तर आत्याची काळी चंद्रकळा निळीशार झाली, तोंड गुळगुळीत झालं आणि पोत्यांवरचा तो पोरगा तर पोत्यातच मिसळून गेला. मूळ स्कॅन वेगळा ठेवा मग वरती काय खेळ करायचा तो करा.

जायचं असेल तर दिवाळीत जा, बाहेरगावी गेलेली सगळी मंडळी घरी असतात आणि आवराआवरीत ट्रंका आधीच खाली काढलेल्या असतात. म्हाताऱ्या माणसांकडे सकाळी जा, दुपारी त्यांना डुलकी लागते. बोलणं रेकॉर्ड करायची परवानगी घ्या कारण फोटो बघताना ते जे बोलतात ते नंतर विचारून पुन्हा येत नाही. आणि चार्जर न्या, लाईटचा भरवसा नाही म्हणून पॉवरबँकही.