स्टीलची भांडी रचली की ते शिल्प कसं काय होतं?

स्टीलच्या भांड्यांतून शिल्पं रचणाऱ्या सुबोध गुप्तांच्या कामाबद्दल विचारताय, तर आधी घरातली मांडणी आठवा. आपल्या कोल्हापुरात रुखवतात स्टीलचे डबे, घागरी मांडतात, वर नावंही कोरून घेतात. तिथं डबा नुसता डबा नसतो. ऐपत असते, माहेर असतं. १९६४ साली बिहारमधल्या खगौलला जन्मलेल्या गुप्तांनी नेमकं हेच हेरलं. २००६ मध्ये त्यांनी अशाच भांड्यांची प्रचंड कवटी केली. लांबून नुसता झगमगाट, जवळ गेलं की सगळी रिकामी भांडी. भूक आणि मिरवणं एकाच वस्तूत! शिल्प म्हणजे माती हाताखाली हवीच, हा आग्रह कळतो मला (आमच्या गल्लीत गणपती घडतात), पण इथं वस्तूची निवड हीच कारागिरी. त्यांचं सगळंच काम पटतं असं नाही. काही नुसतंच भव्य वाटतं.