गॅरेजच्या दाराचा पाच वर्षांचा करार आगाऊ भरून घ्यावा का?

प्रश्न: आमच्या गॅरेजचं वर सरकणारं दार मोटरसकट सहा वर्षांपूर्वी बसवलं. आजवर देखभाल शून्य आणि तक्रारही शून्य. हल्ली जरा करकरतं, एवढंच. दिवसाला सरासरी चारदा उघड-बंद होतं. मुलगी लवकरच गाडी चालवायला लागेल, मग सहादा होईल. एक कंपनी वर्षातून एक सर्व्हिसिंग असा पाच वर्षांचा करार देतेय. सगळे पैसे आत्ता भरले तर एका वर्षाची फी माफ. सुटे भाग करारात धरलेले नाहीत. माझा कल करार घेण्याकडे आहे. नवरा म्हणतो, बिघडेल तेव्हा बघू.

उत्तर: करार घेऊ नका. पण हे वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवण्याआधी पुढचं वाचा, कारण 'बिघडेल तेव्हा' ही वेळ त्यांना वाटते तितकी लांब नाही.

दाराच्या वर आडव्या दांड्यावर गुंडाळलेली जी जाडजूड स्प्रिंग असते, तिचं आयुष्य वर्षांत नाही, फेऱ्यांत मोजतात. दार एकदा उघडून बंद झालं की एक फेरी. घरगुती दारांना सर्रास लावल्या जाणाऱ्या स्प्रिंगा सुमारे 10,000 फेऱ्यांच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. आता तुमचं गणित बघा. दिवसाला 4 फेऱ्या, सहा वर्षं: 8,760 झाल्या. उरल्या 1,240. आजच्याच वेगाने दहा महिने, सहा फेऱ्या सुरू झाल्या तर सातच. हा आकडा म्हणजे काही मुहूर्त नव्हे, स्प्रिंग त्याच्या आधीही तुटेल किंवा वर्षभर जास्तही टिकेल. पण अंदाजपत्रक करायला एवढं पुरे आहे.

वंगणाने स्प्रिंगचा गंज आणि आवाज कमी होतो, मात्र पीळ घेऊन घेऊन थकलेलं पोलाद कुठल्याही सर्व्हिसिंगने ताजंतवानं होत नाही. म्हणजे करार घ्या किंवा घेऊ नका, स्प्रिंगचा खर्च तुमच्या दारात येऊन उभा आहे. आणि तो सुटा भाग असल्यामुळे करारात बसत नाही.

आता त्या 'एक वर्ष माफ'कडे वळू. पाच फिया वेगवेगळ्या वर्षी भरण्याऐवजी चार फिया आज भरायच्या. वर्षाची फी पुढेही तेवढीच राहील असं धरलं, तर आगाऊ भरलेल्या पैशांवर वर्षाला साधारण साडेबारा टक्के परतावा मिळाल्यासारखं होतं. मी स्वतःच हा आकडा काढून क्षणभर थबकलो, कारण जवळपास बिनजोखमीचा एवढा परतावा सहसा कुणी देत नाही. मेख अशी की, पाचही भेटी तुम्ही एरवी पैसे मोजून घेतल्या असत्या तरच हा परतावा खरा. दार धड असेल आणि थोडी कामं घरीच होत असतील, तर जाणकाराची नजर एक वर्षाआड पुरते. म्हणजे पाच वर्षांत तीन भेटी. तिथे तुम्ही चारचे पैसे भरताय. शिवाय कंपनी मध्येच बंद पडली किंवा तुम्ही घर विकलं, तर उरलेले पैसे मागायचे कुणाकडे? फुकट मिळालेलं पाचवं वर्ष प्रत्यक्षात वापरलेला माणूस मला तरी अजून भेटायचाय.

मग देखभालीचा उपयोगच काय? आहे, आणि तो मी माझ्याच पैशांनी शिकलोय. काही वर्षांपूर्वी एका सकाळी निघायच्या घाईत मी बटण दाबलं. दार वीतभर उचललं आणि अडकलं. मी पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा, जरा जास्त वेळ. मोटर घरघरली, जळका वास आला. स्प्रिंग रात्रीच तुटली होती. रात्री ऐकलेला धाडकन आवाज आम्ही शेजाऱ्यांच्या खात्यावर टाकला होता. दाराचं सगळं वजन स्प्रिंग तोलून धरते, मोटर फक्त त्याला दिशा देते. दोन गाड्यांच्या रुंदीचं पोलादी दार 70 किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतं; ते नुसत्या मोटरने उचलायला गेलं की आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात झिजून सपाट होतात. सुक्याबरोबर ओलंही जळालं. स्प्रिंग तर जाणारच होती, तिच्यापायी मोटरही गेली, वर तातडीने बोलावलं म्हणून मजुरी जास्त. त्यातला स्प्रिंगचा खर्च अटळ होता, बाकीचे दोन माझ्या आळसाचे.

आणि मोटरचा बळी जायला स्प्रिंग तुटावीच लागते असं नाही. ती सैल पडत गेली तरी मोटर रोज थोडं थोडं जास्तीचं वजन ओढत राहते, आणि आपल्याला कळतही नाही, कारण दार तर उघडतंय. हे ओळखायला एक बिनखर्चाची चाचणी आहे. दार पूर्ण बंद करा, मोटरचा प्लग काढा, मोटरपासून लोंबणारी दोरी, बहुधा लाल असते, ती ओढून दार मोकळं करा. आता हाताने कमरेइतकं उचला आणि हात जवळच ठेवून हळूच सोडा. जागच्या जागी थांबलं तर तोल ठीक. खाली यायला लागलं तर स्प्रिंग थकली आहे. उचलतानाच जड लागलं तर हट्ट करू नका, तिथेच थांबा. दार उघडं असताना मात्र ती दोरी कधीच ओढायची नाही. स्प्रिंग तुटलेली असेल तर दार थेट खाली आदळतं.

बाकी घरची कामं वर्षातून दोनदा, अर्ध्या तासाची. बिजागऱ्या, रोलरच्या बेअरिंगा आणि स्प्रिंग यांना सिलिकॉनचा फवारा किंवा पांढरं लिथियम ग्रीस. रूळ फक्त कोरड्या फडक्याने पुसायचे, त्यात ग्रीस भरलं की धूळ चिकटून रोलर अडखळतात. तुमची करकर बहुधा एवढ्यानेच जाईल. दाराच्या दोन्ही बाजूंच्या केबलचे खालचे टोक नीट बघा. एखादा जरी धागा सुटलेला दिसला तर मेकॅनिक बोलवा. स्प्रिंग, केबल आणि केबल जिथे दाराला अडकवलेली असते ती खालची पट्टी, यांच्या स्क्रूला पाना लावायचा नाही. तिथे पैसे वाचवायला जाऊन लोकांनी बोटं गमावली आहेत.

महिन्यातून एकदा दाराखाली जमिनीवर दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवून दार बंद करून बघा. फळीला टेकताच ते उलट वर गेलं पाहिजे. दार खाली येत असताना सेन्सरसमोर झाडू धरला तरी तेच व्हायला हवं. होत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत मोटर वापरू नका. याचा हिशेब मी पैशांत करत नाही.

आता पैशांची मांडणी. मेकॅनिककडून दोन दर आजच मागून घ्या: मजुरीसह स्प्रिंगची जोडी आणि मजुरीसह नवी मोटर. स्प्रिंगची पूर्ण रक्कम लगेच बचत खात्यात वेगळी काढा, मुदत ठेवीत अडकवू नका. मोटर साधारण 10 ते 15 वर्षं चालते. तुमची बाराव्या वर्षी बदलायची धरली तर हातात 72 महिने आहेत, तेव्हा तिच्या दराचा बहात्तरावा भाग दरमहा बाजूला टाका. आपत्कालीन निधीला यासाठी हात लावू नका. ज्या खर्चाचा महिना आपण आज अंदाजाने सांगू शकतो, तो आपत्कालीन कसला? घराच्या विम्यावरही विसंबू नका, झिजून झालेलं नुकसान विमा कंपन्या सहसा देत नाहीत. स्प्रिंगवर 'आजीवन वॉरंटी' असं छापलेलं असेल तर मजुरी त्यात आहे का ते विचारा, बहुतेकदा नसते.

दोन स्प्रिंगा असतील आणि एक तुटली, तर दोन्ही एकदम बदला. दुसरीनेही तेवढ्याच फेऱ्या मारलेल्या असतात, आणि एकच मजुरी दोनदा भरण्यात शहाणपण नाही. त्याच वेळी 20,000 फेऱ्यांच्या स्प्रिंगेचा दर विचारा. बसवायची मजुरी तीच, फरक फक्त पोलादाचा. दिवसाला 6 फेऱ्यांनी साधी साडेचार वर्षं पुरेल, ही नऊ. चार-पाच वर्षांत घर सोडायचा विचार असेल तर साधीच घ्या, पुढच्या मालकाच्या फेऱ्यांचे पैसे तुम्ही का भरायचे.

करार नको म्हणालो तरी एक भेट मात्र आत्ताच विकत घ्या, सुटी, करार न करता. सहा वर्षांत या दाराला कुणी हात लावलेला नाही. मेकॅनिक येण्याआधी ती तोलाची चाचणी दोघांनी मिळून करा. दार कमरेवरून खाली आलं, तर त्याच भेटीत स्प्रिंगा बदलून टाका, दहा महिन्यांची वाट बघू नका.