थापी हातात कधी येणार?

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. बारावीनंतर कॉलेजात मन रमलं नाही, म्हणून मामाच्या ओळखीने एका बांधकामावर बिगारी म्हणून लागलो. माल कालवणं, विटा वर पोचवणं, भिंतीवर पाणी मारणं, हेच चाललंय. मला गवंडी व्हायचंय, पण मिस्त्री थापीला हात लावू देत नाहीत. बाबा म्हणतात, विटाच उचलायच्या होत्या तर शिकवलं कशाला? त्यात आता विटा रचणारी यंत्रंही आली आहेत म्हणे. या कामात पुढे काही आहे का? असेल तर शिकू कसं?

उत्तर :

प्रिय मित्रा,

यंत्रांचा प्रश्न तू शेवटी विचारलास, पण मी तो आधी घेतो. अमेरिकेत ‘सॅम’ नावाचं यंत्र आहे. ते विटेला माल लावून ती भिंतीवर बसवतं. ऑस्ट्रेलियातलं ‘हेड्रियन एक्स’ ट्रकवर बसवलेलं असतं आणि लांब बाहूने मोठमोठे ब्लॉक चिकटद्रव्याने जोडत जातं. दोन्ही यंत्रं खरी आहेत आणि त्यांनी भिंती उभ्याही केल्या आहेत. पण ‘सॅम’च्या शेजारी गवंडी उभा असतोच. सांध्यातून बाहेर आलेला माल तो काढतो, विटांमधल्या दरजा नीट करतो आणि कोपरे त्यालाच सांभाळावे लागतात. सरळ लांबलचक भिंत भरत नेणं यंत्राला जमतं.

आता तुझ्याच साइटवर बघ. भिंत बांधताना मिस्त्री आधी दोन टोकांचे कोपरे उचलतो. मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली जाते आणि मधला भाग दोरीला धरून दुसरे भरतात. दोरीला धरून भरणं हे मेहनती मुलाला वर्षभरात येतं. कोपरा यायला वेळ लागतो, आणि तुझी मजुरी काय, साइटवर तुला विचारतो कोण, काम मंदावलं की आधी घरी कोणाला पाठवतात, हे सगळं तुला कोपरा येतो की नाही यावर ठरतं. म्हणून ‘गवंडीकामात पुढे काही आहे का’ या प्रश्नाला माझं उत्तर असं : मधलं भरणाऱ्याला थोडं आहे, कोपरा उचलणाऱ्याला पुष्कळ आहे.

कोपरा उचलायचा म्हणजे काय करायचं? पहिला थर आधी मालाशिवाय, कोरडाच मांडून बघतात. विटांचा मेळ बसतो का, शेवटाला केवढा तुकडा उरतो, ते तिथेच कळतं. काटकोन तपासायला ३-४-५ चा हिशेब असतो : एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजलं की तिरकं माप बरोबर ५ फूट भरलं पाहिजे. नुसत्या गुण्यावर, म्हणजे काटकोनी पट्टीवर, विसंबू नये, तो लहान असतो आणि लांब भिंतीत फसवतो. पुढच्या थरात कोपऱ्याची वीट दुसऱ्या भिंतीच्या दिशेने वळते, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. नऊ इंची भिंत असेल तर सांधेमोड साधायला कोपऱ्याच्या विटेला लागून उभा चिरलेला अर्धा तुकडा घालावा लागतो. तो कोणत्या थरात आणि कोणत्या बाजूला, हे ज्याला विचारावं लागत नाही त्याच्याच हाती कोपरा देतात. दर थराला दोन्ही अंगांनी ओळंबा लावून भिंत उभी सरळ आहे का ते बघायचं, वरून पाणसळ लावून सपाटी. दर थरात नुसता सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कल राहिला तरी दहाव्या थराला भिंत सव्वा इंच बाहेर गेलेली असते, आणि दोरी कोपऱ्यालाच बांधलेली असल्याने ती चूक अख्ख्या भिंतीत उतरते.

उंचीचंही तसंच आहे. १९० × ९० × ९० मिलिमीटरची मोड्युलर वीट घे. १० मिलिमीटर माल धरला की एक थर बरोबर १०० मिलिमीटरचा होतो, दहा थरांत एक मीटर. सांधा १० ऐवजी १२ चा पडत गेला तर दहा थरांत दोन सेंटिमीटर चढतात, आणि एका कोपऱ्यावर चढले, दुसऱ्यावर नाही, तर खिडकीच्या वरचा थर तिरका दिसतो. चांगला मिस्त्री लाकडी पट्टीवर थरांच्या खुणा करून ठेवतो आणि ती पट्टी दोन्ही कोपऱ्यांना लावून बघतो. याच विटेचा आणखी एक हिशेब पाठ कर : मालासकट ती २०० × १०० × १०० ची धरली की एका घनमीटरला ५०० विटा. हा हिशेब ज्याला तोंडी करता येतो त्याला साइट इंजिनियर नावाने ओळखू लागतो.

तू बिगारीचं काम वाया गेलं असं समजतोस, ते मला पटत नाही. भिंतीचं निम्मं बरंवाईट बिगारीच्या हातात असतं. एकास सहाचा, म्हणजे एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळूचा, माल तू घमेल्याने मोजून घेतोस की फावड्याच्या अंदाजाने? ओली वाळू फुगते, त्यामुळे ओल्या वाळूची सहा घमेली म्हणजे कोरड्या वाळूची सहा नव्हेत, हे तुला कोणी सांगितलंय का? कालवलेला माल साधारण दोन तासांत संपला पाहिजे. घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मऊ करतात, तेव्हा तो हाताला बरा लागतो पण ताकद गेलेली असते. भाजलेली वीट कोरडी लावली तर मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो, म्हणून बुडबुडे थांबेपर्यंत ती भिजवायची. मात्र पाणी निथळू न देता लावली तर मालावर घसरते. ए.ए.सी. ब्लॉकला, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्याला, असं भिजवायचं नसतं, नुसता ओला हात फिरवल्यासारखं पाणी मारायचं. यातलं प्रत्येक ‘का’ तुला आता, थापी हातात नसताना, समजून घेता येतं.

फ्रँक गिलब्रेथ नावाचा एक अमेरिकन मुलगा १८८५ मध्ये, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान असताना, बोस्टनमध्ये गवंड्यांच्या हाताखाली लागला. त्याला एक गंमत दिसली. मिस्त्री शिकवताना एका पद्धतीने वीट लावून दाखवतो, घाईत असला की दुसऱ्याच पद्धतीने लावतो, आणि रमतगमत काम करताना तिसरीच तऱ्हा असते. पुढे त्याने एक वीट लावायला लागणाऱ्या हालचाली मोजल्या. त्या १८ होत्या, त्या त्याने ५ वर आणल्या. त्यात मोठा वाटा कशाचा होता, तर विटा आणि माल गवंड्याच्या कमरेएवढ्या उंचीवर ठेवण्याचा, म्हणजे दर विटेला वाकणं नको. त्या विटा आणि माल कुठे ठेवायचा हे साइटवर कोण ठरवतं? तूच ना? उद्यापासून मिस्त्रीच्या डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, चांगली बाजू वर करून विटा लावून ठेव. चार दिवसांत त्याच्या लक्षात येईल. आणि त्याचे हात बघायचे ते तो समजावत असताना नव्हे, तो घाईत असताना.

मिस्त्री थापी देत नाहीत यात तुझ्यावर राग नसतो. काम बहुतेक वेळा उक्तं, म्हणजे रोजावर नव्हे तर कामाच्या ठरलेल्या पैशांवर, घेतलेलं असतं, तुझी वाकडी भिंत पाडून पुन्हा बांधायची तर तो वेळ त्यांच्या पदरचा जातो. तेव्हा ‘मला शिकवा’ असं मोघम मागू नकोस. जे मातीखाली जाणार आहे किंवा प्लास्टरखाली झाकलं जाणार आहे असं एखादं बारकं काम माग : चेंबर, पायाचे खालचे थर, टाकीखालचा ओटा. काम आटोपल्यावर अर्धा तास मागितला तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

तोवर घरी सराव कर. वीस-पंचवीस जुन्या विटा पुरतात. सिमेंट नको, माती-वाळूचा गारा कर. प्रशिक्षण संस्थांतही चुना-वाळूचा, पक्का न होणारा माल वापरतात, म्हणजे बांधलेलं मोडून त्याच विटा पुन्हा वापरता येतात. एक कोपरा उचल, पाच थर. ओळंबा लाव, मोड, पुन्हा उचल. वेगाचा विचार सध्या अजिबात नको. वेग आपोआप येतो, वाकडा हात मात्र आपोआप सरळ होत नाही.

औपचारिक शिक्षण घ्यावं का? घ्यावं, आणि तुझ्यासारख्या बारावी झालेल्या मुलाने तर नक्कीच. साइटवर नकाशा तुझ्या हातात कोणी देणार नाही, वर्गात तो वाचायला शिकवतात. जर्मनीत गवंड्याचं शिक्षण तीन वर्षांचं असतं, काही दिवस शाळेत आणि बाकीचे कामावर. ‘वर्ल्डस्किल्स’ या जागतिक कौशल्य स्पर्धेत वीटबांधकाम हा स्वतंत्र प्रकार आहे. २०२४ साली ती फ्रान्समध्ये ल्यों शहरात झाली. तिथे मिलिमीटरवर गुण कापले जातात. बाबांना त्या स्पर्धेतल्या भिंतींचे फोटो दाखव. पण नुसतं प्रमाणपत्र घेऊन साइटवर आलेल्या मुलाला पहिल्याच तासात मिस्त्री ओळखतो, म्हणून काम पूर्ण सोडून वर्गात बसू नकोस. दोन्ही जोडीने चालेल अशी सोय शोध. संस्थेत चौकशीला जाशील तेव्हा विद्यार्थी स्वतः किती तास विटा लावतात ते विचार आणि कार्यशाळेत डोकावून ये. विटांच्या थप्प्यांवर धूळ बसलेली दिसली तर काय समजायचं ते समज.

शरीराबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. तुझ्या वयात कोणी विचारत नाही. एक वीट साधारण तीन किलोची. दिवसाला पाचशे विटा हाताळल्या म्हणजे दीड टन. कमरेच्या उंचीवर माल ठेवण्याचा हट्ट तू पुढे स्वतःसाठीही धरायचा आहेस. ओलं सिमेंट तीव्र क्षारयुक्त असतं आणि ते कातडी भाजतं. लगेच दुखत नाही, म्हणून माणूस बुटात गेलेल्या मालाकडे दुर्लक्ष करतो आणि संध्याकाळी जखम दिसते. सिमेंटमधल्या क्रोमियममुळे काहींना कायमची ॲलर्जी जडते आणि धंदा सोडावा लागतो. युरोपीय संघाने २००५ पासून या क्रोमियमवर मर्यादा घातली ती याच कारणाने. हातमोजे घाल, आणि मोज्यातच माल गेला तर ते काढून हात धू. ग्राइंडरने विटा कापताना उडणारी धूळ त्याहून वाईट. तिच्यातल्या सिलिकाच्या बारीक कणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे. पाणी मारत कापायचं आणि मास्क लावायचा. साधा रुमाल पुरत नाही. परांचीवर विटांचे ढीग रचू नयेत, आणि भिंत एका दिवसात दीड मीटरपेक्षा वर नेऊ नये, कारण खालचा माल ओला असतो. कंत्राटदार घाई करील. ‘उद्या’ म्हणायला शिक.

पैशाचं थोडक्यात. हात बसेपर्यंत रोजावर राहा, उक्त्याच्या टोळीत जाऊ नकोस. उक्त्यात दोन पैसे जास्त दिसतात, पण पहिल्या वर्षात घाईने बिघडलेला हात पुढे सुधारायला फार जड जातं. पुढे मुकादम, सुपरवायझर हे रस्ते आहेतच. कंत्राटदारीकडे मात्र बढती म्हणून बघू नकोस. ते माणसं आणि उधारी सांभाळायचं वेगळं काम आहे, आणि काही उत्तम गवंडी त्यात पडून ना धड गवंडी राहिले ना कंत्राटदार झाले.

बाबांचा प्रश्न राहिला. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना भीती आहे ती तू आयुष्यभर घमेलंच उचलत राहशील याची, आणि ती खोटी नाही, तसं होतं. त्यांना मुदत सांग : सहा महिन्यांत मी स्वतः उचललेला कोपरा तुम्हाला दाखवतो, ओळंबा तुम्हीच लावा. ती मुदत स्वतःलाही लागू कर. मागून, सराव करून, विटा नीट मांडूनही सहा महिन्यांत थापी हातात आली नाही, तर मामाची ओळख आड येऊ न देता साइट बदल. नव्या मिस्त्रीला रोज किती देणार हे विचारण्याआधी कोपरा कधी देणार ते विचार.