सागवानी टेबल, शिसवी पलंग : घेताना आणि विकताना

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी एका कारखान्यातून नक्षीदार सागवानी डायनिंग टेबल आणि सहा खुर्च्या करून घेतल्या. जीएसटीसकट १ लाख ६० हजार पडले. आता लहान घरात जातोय. जुन्या फर्निचरवाल्याने २५ हजार सांगितले. तेव्हा आम्ही फसलो, की आता फसतोय? (ठाणे)

तेव्हा फसलात असं वाटत नाही. पण २५ हजारांना देऊ नका. हा आकडा कुठून आला ते आधी बघू.

जुन्या फर्निचरवाल्याच्या लेखी तुमचं टेबल म्हणजे निव्वळ लाकूड, आणि लाकडाचा हिशेब घनफुटात होतो. सहा फूट बाय साडेतीन फूट, एक इंच जाडीचा वरचा फळा म्हणजे पावणेदोन घनफूट. चार पाय आणि खालच्या पट्ट्या मिळून सव्वा. खुर्चीला अर्ध्या घनफुटाहून थोडं कमीच लागतं, म्हणजे सहा खुर्च्यांचे पावणेतीन. एकूण पावणेसहा, सहा धरा. जुन्या सागाला घनफुटामागे चार हजार धरले तर २४ हजार झाले. तुम्हाला सांगितलेला आकडा जवळजवळ तोच आहे. सुताराने खुर्च्यांच्या पाठी कोरण्यात घालवलेले दिवस, सांधे बसवताना पुन्हा पुन्हा मारलेली पटाशी, पॉलिशचे हात, या सगळ्याचे त्याने शून्य रुपये धरलेत. त्यात तुमच्या बिलात १८ टक्के जीएसटी आहे, तो १ लाख ६० हजारांतले साधारण २४ हजार ४०० होतो. विकताना तो कुणी परत देत नाही.

हाताच्या कामाची किंमत देणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. त्याला हे टेबल स्वतःच्या घरात ठेवायचं असतं, म्हणून थेट त्याच्यापर्यंत पोचा. सोसायटीचे ग्रुप, नातेवाईक, ऑफिस, जुन्या वस्तूंची अॅप, सगळीकडे टाका. फोटो मात्र नीट काढा. जेवणाची भांडी मांडलेला फोटो नको. टेबल उलटं करून खालच्या बाजूचा काढा, खुर्चीचा पाय पट्टीत शिरतो तिथला जवळून काढा, आणि बिलाचाही काढा. जाणकार माणूस त्या तीन फोटोंवर फोन करतो. घर बदलायच्या शेवटच्या आठवड्यात विकायला काढलं, तर समोरच्याला तुमची अडचण लगेच कळते. निदान दोन महिने आधी सुरुवात करा, जमलं तर दसरा-दिवाळीच्या आधी. चांगल्या स्थितीतल्या अशा सेटला मूळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास थेट गिऱ्हाईक मिळालेलं मी अनेकदा पाहिलंय. त्याहून जास्तीची आशा धरू नका.

प्रश्न : "सॉलिड सागवान" म्हणून कपाट घेतलं. घरी आल्यावर बिजागरीचा स्क्रू निघाला, तर आत भुशासारखा बोर्ड दिसला. दुकानदार म्हणतो, "बाहेरून सागच आहे." दुकानात असतानाच हे ओळखायचं कसं? (कोल्हापूर)

फळीचं टोक बघायचं. दाराची किंवा खणाची कड उघडी असते तिथे नजर लावा. अख्ख्या लाकडाची वरची रेषा टोकावर वळून आत शिरलेली दिसते. व्हिनिअर, म्हणजे बोर्डावर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, असेल तर रेषा कडेला तुटते आणि तिथे वेगळी पातळ पट्टी चिकटवलेली असते. मग खण पूर्ण बाहेर काढा, तळ आणि मागची फळी बघा. मागे प्लाय असणं हा गुन्हा नाही, चांगले सुतारही लावतात. पण ते विकणाऱ्याने आपण होऊन सांगायला हवं.

नावांचाही घोळ आहे. शिसव आणि शिसम ही दोन वेगळी लाकडं आहेत. आपल्या आज्यांच्या घरचा काळपट, जड पलंग सह्याद्रीतल्या शिसवीचा. राजस्थानातून "शीशम" म्हणून जे फर्निचर येतं ते उत्तरेकडच्या शिसमाचं. लाकूड चांगलं आणि टिकाऊ आहे, पण शिसव नव्हे, आणि शिसवीच्या भावाने तर मुळीच घेऊ नये. "बर्मा टीक" या शब्दालाही भुलू नका. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. आज भारतात येणारा बराचसा परदेशी साग आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडींतला असतो. आणि आपला चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग, ज्याला बाजारात अजून "सीपी टीक" म्हणतात, तो कुणापेक्षा कमी नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच साग गेला.

तुमच्या कपाटाचं : बिलावर "सॉलिड" किंवा "सॉलिड टीक" लिहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. "टीक फिनिश" लिहिलं असेल तर कठीण जाईल. स्क्रूच्या भोकाचे फोटो काढा, दुकानदाराला लेखी कळवा. ऐकलं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते. दुकान मुंबईत असलं, तरी गप्प बसू नका.

प्रश्न : सावंतवाडीकडून दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात टेबल करून आणलं. यंदा मे महिन्यात वरच्या फळ्याला मधोमध भेग गेली. लाकूड कच्चं होतं का? विकायचं तर आता कोण घेणार? (नागपूर)

लाकूड पुरतं वाळलेलं नसेल ही शक्यता आहे, पण माझा संशय खालच्या स्क्रूंवर आहे.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र जन्मभर हलतं. कोकणातल्या पावसाळी हवेत ते फुगलेलं असतं, तुमच्या उन्हाळ्यात आक्रसतं. लाकडातली ओल सहा-सात टक्क्यांनी उतरली, तर तीन फूट रुंदीचा सागवानी फळा दोन-तीन सूत कमी होतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फळा खालच्या चौकटीला स्क्रू आणि फेव्हिकॉलने चारही बाजूंनी जखडला असेल, तर त्याला आक्रसायला वाव राहत नाही आणि तो फाटतो.

टेबल उलटं करा. स्क्रूची भोकं गोल आणि घट्ट आहेत का? मग ते सगळे काढून भोकं लाकडाच्या रुंदीच्या दिशेने लांबट करून घ्या, किंवा सुताराला लहान लाकडी पकडी बसवायला सांगा. त्या फळ्याला धरून ठेवतात, पण सरकूही देतात. भेगेत आत्ता लांबी (पुट्टी) किंवा भुसा-फेव्हिकॉल भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की ते दुसरीकडे जागा शोधेल. जुलै-ऑगस्टपर्यंत थांबा, बरीचशी भेग आपोआप मिटेल. उरली तर त्याच लाकडाची पातळ चीप बसवून घ्या. आणि टेबल कूलरच्या झोतात ठेवलं असेल तर आजच हलवा. एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी, हे कुठल्याच लाकडाला सोसत नाही.

विकताना भेग लपवू नका. "अशी गेली होती, असं दुरुस्त केलं" हे सांगून फोटो दाखवला, तर घेणारा बिचकत नाही. लपवलेली भेग त्याला नंतर दिसली तर मात्र टेबल परत येतं.

प्रश्न : आजोबांचं शिसवी फडताळ आहे, ऐंशी-नव्वद वर्षांचं. विकायचं ठरलंय. दलाल म्हणाला, घासून नवं पॉलिश करा, मग चांगली किंमत येईल. करू का? (सांगली)

कृपा करून करू नका.

गेल्या वर्षी माझ्याकडे असंच एक फडताळ दुरुस्तीला आलं होतं. घरच्यांनी मशीनने घासून त्यावर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून घेतलं होतं. लाकूड लालसर, गुळगुळीत, कालच आणल्यासारखं. मी मागची फळी काढली, तिच्यापर्यंत मशीन पोचलं नव्हतं. तिथे शिसपेन्सिलीने लिहिलेली सुताराची मापं होती, फुटा-इंचांत, एक बेरीज चुकून खोडलेली, आणि शेजारी अंगठ्याचा काळपट ठसा. समोरच्या दारांवरही कडीभोवती हातांनी झालेला तसाच गर्द डाग असणार, कारण कडी जुनीच होती. तो गेला होता. जुनी वस्तू घेणारा माणूस त्या डागाचेच पैसे मोजतो. नवं दिसणारं फडताळ त्याला नवीनही मिळतं.

त्या काळचं पॉलिश बहुधा लाखेचं, म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. खात्री करायची तर आतल्या कोपऱ्यात कापसावर थोडं स्पिरिट घेऊन टेका. चिकट झालं, रंग सुटला, तर लाखेचंच. असं पॉलिश उतरवायची गरज नसते. जाणता कारागीर त्याच्यावरच हलका हात फिरवून ते जिवंत करतो. तुम्ही एवढंच करा : कोरड्या मऊ फडक्याने पुसा, सांध्यांतली धूळ ब्रशने काढा, आणि हलणारा सांधा असेल तर नीट करून घ्या. खिळा मात्र कुठेही ठोकू देऊ नका. पितळी कड्या, कुलपं, किल्ली, मोडक्या असल्या तरी पिशवीत बांधून फडताळाबरोबर द्या. घासूनपुसून पिवळ्याधमक करू नका.

आणि दलाल एकच बघू नका. मुंबईतल्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या फर्निचरचे व्यापारी आहेत. तिथे एकदा फोटो घेऊन चक्कर मारा, विकायला नव्हे, भाव ऐकायला. दोघा-तिघांचे आकडे कानावर पडले की गावातल्या दलालाशी बोलताना तुमचा आवाज बदलेल.

प्रश्न : आईचा शिसवी पलंग इथे आणायचा आहे. कंटेनरमध्ये जागा आहे. काही अडचण? (न्यू जर्सी)

आहे. २०१७ पासून शिसव आणि शिसम ज्या डाल्बर्जिया गटातले आहेत, तो सगळा गट साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. तयार वस्तूंना एका पाठवणीत या लाकडाचं वजन दहा किलोपर्यंत असेल तर सूट आहे. पलंग त्यात बसणार नाही, एकट्या बाजूच्या पट्ट्याच तेवढ्या भरतील. घरगुती सामानाला वेगळी सवलत असते, पण ती प्रत्येक देशात सारखी नाही. म्हणून माल निघायच्या आधी दोन्हीकडच्या परवानग्यांबद्दल लेखी उत्तर घ्या, पॅकर्सच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पलंग शंभर वर्षांहून जुना आणि कोरीव असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येऊ शकतो. तो पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या. पॅकिंगचं लाकूड कीडमुक्त केलेलं आणि तसा शिक्का असलेलंच हवं.

पोचल्यावर पलंग हिवाळ्यात हीटरच्या तोंडाशी ठेवू नका. नागपूरच्या टेबलाचं जे झालं तेच तिथे जानेवारीत होईल.

प्रश्न : बदली झालेल्या एका कुटुंबाकडून जुना दिवाण स्वस्तात मिळतोय. पायांना बारीक भोकं आहेत. घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

भोकं जुनी असतील तर घ्या, चालू असतील तर नको. त्यांना विचारून पायांखाली दोन दिवस काळा कागद ठेवा. ताजा, फिकट पिठासारखा भुसा पडला तर कीड आत जिवंत आहे. काहीच पडलं नाही, तर भोकांच्या आसपास स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, ती बाहेरच्या पांढऱ्या, कच्च्या लाकडात शिरते. म्हणून टोक पायाच्या कडेला थोडं रुतलं आणि आत घट्ट लागलं, तर पाय शाबूत आहे. सरळ आत गेलं तर दिवाण तिथेच ठेवून या, कितीही स्वस्त असला तरी. घरातल्या इतर लाकडालाही ती कीड लागेल.