लेकीला संस्थेत नोकरी मिळतेय, पाठवू का?

"ताई, नमस्कार. आम्ही घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातले. पाच एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी अन् तूर. मोठी पोरगी बी.ए. झाली, वय २३. दोन वर्षं एमपीएससी अन् तलाठी भरतीचा अभ्यास केला, जमलं नाही. आता यवतमाळच्या एका संस्थेत तिला १४ हजारांवर काम भेटून राहिलं. बारा गावं फिरायची, कास्तकारांच्या अन् बायांच्या गटाच्या मिटिंगा घ्यायच्या. करार ११ महिन्यांचा. पोरगी म्हणते मला हेच करायचं, पुढं स्वतःची संस्था काढायची. ओळखीचा एक माणूस ४० हजारांत संस्था रजिस्टर करून देतो म्हणते, कंपनीचा फंडही आणून देतो म्हणते. गावातले लोक विचारतात, समाजसेवा करून पोट भरते का? लग्नाचंही पाहायचं आहे. काय करावं?"

भाऊ, नमस्कार.

४० हजारांचं आधी सांगते, कारण तिथं हातचा पैसा जायची वेळ आहे. त्या माणसाला काही देऊ नका. बयाणासुद्धा नाही.

संस्था रजिस्टर करणं मोठं अवघड नसतं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात माणसं लागतात, नियमावली लागते, पत्त्याचा पुरावा लागतो. धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, तिथं अर्ज करायचा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास म्हणूनही नोंद होते. सरकारी शुल्क थोडकंच आहे. खरा भार नंतर येतो. दरवर्षी ऑडिट, दरवर्षी आयकराचं विवरण, कार्यकारिणीतला एक माणूस बदलला तरी त्याचा बदल अर्ज. हे सांभाळायला माणूस आणि पैसा दोन्ही लागतात, आणि काम सुरू व्हायच्या आधीपासून लागतात.

आता कंपनीच्या फंडाचं. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ आहे, १ एप्रिल २०१४ पासून लागू. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करायची, असं ते सांगतं. यालाच सगळे सीएसआर म्हणतात. पण बाहेरच्या एखाद्या संस्थेमार्फत हा पैसा खर्च करायचा असेल, तर त्या संस्थेकडं आयकर खात्याची १२ए आणि ८०जी ही करसवलतीची दोन्ही प्रमाणपत्रं लागतात, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडं सीएसआर-१ नावाची नोंदणी लागते, आणि तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव लागतो. आज जन्मलेल्या संस्थेला हा फंड नियमानंच मिळू शकत नाही. मग तो माणूस आणून काय देणार? फार तर दुसऱ्याच कुणाच्या नावाचा पैसा कमिशन कापून तुमच्या संस्थेच्या खात्यातून फिरवेल, आणि बिलं खोटी जोडावी लागतील. कागदावर सचिव म्हणून सही कुणाची असेल? तुमच्या लेकीची. चौकशी लागली की तो माणूस फोन उचलणार नाही.

तेव्हा संस्था काढायचा विषय सध्या बाजूला ठेवा. नोकरीचा विषय मात्र खरा आहे, आणि तो नीट पारखून घेण्यासारखा आहे.

गावातल्या लोकांच्या बोलण्यात एक समजूत दडलेली असते. समाजाचं काम म्हणजे घरचं खाऊन करायचं काम. आपल्या विदर्भात ही समजूत का रुजली, ते मला कळतं. गाडगेबाबा आपले, तुकडोजी महाराज आपले. सेवाग्राम आपल्याकडं, वरोऱ्याचं आनंदवन आपल्याकडं, हेमलकसा आपल्याकडं. त्या माणसांनी आयुष्य वाहून टाकलं, आणि आपण धरून बसलो की या वाटेवर पगाराचं नाव काढणं म्हणजे कमीपणा. पण तुमची लेक आश्रम काढायला निघालेली नाही. ती एका प्रकल्पावर गट समन्वयक म्हणून लागते आहे. रोज सकाळी गाडी काढायची, गावं गाठायची, संध्याकाळी अहवाल भरायचा. ही नोकरी आहे. नोकरीचे सगळे प्रश्न इथं विचारायचे, लाजायचं नाही. मला हे काम फार मोलाचं वाटतं, आणि म्हणूनच ते कुणी अर्ध्या पोटी करू नये असं वाटतं. पोट भरलं नाही तर चांगली पोरं वर्षभरात सोडून जातात आणि गावांना दर वर्षी नवा चेहरा पाहावा लागतो.

ती नेमकं काय करणार, हे तुम्हाला कळावं म्हणून एक उदाहरण सांगते. समजा, बारापैकी एका गावात एखाद्या कास्तकारानं जीव दिला. हे आपल्या जिल्ह्यात समजावून सांगायला लागू नये, पण पुढं त्या घरात काय होतं ते फार लोकांना माहीत नसतं. सरकारची मदत १ लाखाची. त्यातले ३० हजार हातात मिळतात, ७० हजार ठेवीत टाकले जातात. ती मिळायची तर प्रकरण जिल्हा समितीपुढं पात्र ठरावं लागतं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. गावातल्या माणसाकडून हातउसने घेतलेले पैसे तिथं मोजले जात नाहीत. मग सातबारा पाहायचा. पुष्कळदा वावर अजून सासऱ्याच्या नावावर असतं. सासरा जिवंत असेपर्यंत त्या बाईचं नाव सहसा सातबाऱ्यावर लागत नाही, आणि नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. वावर नवऱ्याच्याच नावावर असेल तर तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज, मग फेरफार, १५ दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची सही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज वेगळा, त्याला वर्षाला २१ हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला पाहिजे. त्या बाईला दिवस कार्य आटोपायच्या आत घरातले चार पुरुष चार गोष्टी सांगत असतात.

अशा वेळी समन्वयक पोरगी त्या घरी जाते. पहिल्या खेपेला नुसती बसते. पुढच्या खेपेला वहीत लिहिते: कोणता कागद आहे, कोणता नाही, कुठल्या तारखेला तहसीलमध्ये जायचं. बरोबर गटातली एक बाई घेते, कारण तहसीलच्या बाकावर एकट्या बाईनं बसणं आणि दोघींनी बसणं यात फरक पडतो. दोन-तीन महिन्यांनी ती बाई गटाच्या मिटिंगला येऊ लागली, महिन्याचे शंभर रुपये स्वतःच्या हातानं टाकू लागली, म्हणजे काम झालं. या कामाला मन लागतं, आणि मनाइतकीच महसुलाच्या कागदांची माहिती लागते. तुमच्या लेकीनं तलाठी भरतीचा अभ्यास दोन वर्षं केला म्हणता ना? तो वाया गेलेला नाही. जमीन महसूल, ग्रामपंचायत, योजना हे सगळं तिला इथं पहिल्या दिवसापासून लागेल.

मोजणं, लिहून ठेवणं हा या कामाचा कणा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सर्च ही आरोग्याचं काम करणारी संस्था सुरू केली. गावातल्याच बायांना त्यांनी नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत काम केलं, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये जगासमोर मांडलं, आणि पुढं आशाताईंच्या घरभेटींतून ती पद्धत देशभर गेली. त्या नोंदी नसत्या तर पद्धत गडचिरोलीतच राहिली असती. तसंच धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. तिथं गावानं अभ्यास गट चालवला, सर्वांच्या संमतीनं निर्णय घ्यायची सवय लावली, आणि २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकारही ग्रामसभेकडं आला. त्या गावाला बाहेरून साथ देणारी माणसं होती, पण निर्णय ग्रामसभेचा आणि बांबूचा पैसाही ग्रामसभेचा. मुलाखतीला गेल्यावर तुमच्या लेकीनं त्या संस्थेला जरूर विचारावं: तुमचा प्रकल्प संपल्यावर या गावांत काय उरेल? उत्तरात गट, ग्रामसभा, गावातली शिकलेली माणसं यांची नावं आली तर बरं. नुसते वाटप केल्याचे फोटो दाखवले तर विचार करावा.

११ महिन्यांच्या करारानं तुम्ही बिचकलात, ते साहजिक आहे. या क्षेत्रात पैसा प्रकल्पाप्रमाणं येतो. तीन वर्षांचा प्रकल्प असला तर करार वर्षावर्षाला नवा होतो, प्रकल्प आटोपला की माणसं दुसरीकडं लावतात किंवा सोडतात. कंपन्यांचा पैसाही बहुधा कारखान्याच्या आसपास राहतो. चंद्रपूर, वणीकडं कोळसा आणि सिमेंट आहे, तिथं प्रकल्प दिसतात. धारणी-चिखलदऱ्यात कारखाना कुठला? २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाला. एका संस्थेनं तो पैसा दुसरीला द्यायची सोय बंद झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थांच्या आधारानं चालणाऱ्या तालुक्यातल्या लहान संस्थांना त्याचा फटका बसला. म्हणून विचारायचं की हा प्रकल्प कुणाच्या पैशावर आहे आणि किती वर्षं उरली आहेत. तीन वर्षांतलं पहिलं वर्ष असेल तर निर्धास्त जाऊ द्या. शेवटचे सहा महिने असतील तर १४ हजारांचा हिशोब वेगळा होतो.

१४ हजारांचाच हिशोब करू. पेट्रोल त्यातच आहे की वेगळं? बारा गावं म्हणजे दिवसाला ४० किलोमीटर तरी धरा. महिन्याचे २५ दिवस, हजार किलोमीटर. गाडीनं लिटरला ४५ दिले तरी २२ लिटर, म्हणजे सव्वादोन हजारांच्या वर गेले, टायर-ऑइल वेगळं. पेट्रोल पगारातूनच असेल तर मला हा पगार कमी वाटतो, आणि तसं तिनं सरळ बोलून पाहावं. २० किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेला पीएफ लागू होतो, आणि १५ हजारांच्या आतल्या पगारावर तो कापावाच लागतो. तो कापतात का? नियुक्तीपत्र लेखी देतात का? पगार खात्यात येतो, की जास्त रकमेवर सही घेऊन कमी हातात देतात? ही शेवटची गोष्ट काही ठिकाणी चालते. तसं कळलं तर त्या दाराला नमस्कार करून परत यायचं.

पोरीची काळजी वाटते हे तुम्ही लिहिलं नाही, पण ओळींमधून दिसतं. १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथं कामाच्या ठिकाणी बायांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. समितीत कोण आहे, नाव विचारावं. रात्रीच्या मिटिंगा किती, मुक्काम पडतो का, पडला तर सोबत कोण, बाई सहकारी किती आहेत, हेही विचारावं. चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही.

आता पुढचा रस्ता. माझं मत असं की तिनं तीन वर्षं हे काम करावं आणि त्याच काळात एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा विचार करावा. यवतमाळ, नागपूर दोन्हीकडं समाजकार्य महाविद्यालयं आहेत. हिंमत असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र आहे, त्याला सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ही पदवी झाली की दारं वाढतात: सरकारी रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक, महिला व बालविकासातली पदं, उमेद (बचत गटांचं सरकारी अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांची कामं. उमेदमधली पुष्कळ पदं कंत्राटी आहेत, ते आधीच सांगून ठेवते. एमपीएससीचं वयही गेलेलं नाही, खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गाला ४३ पर्यंत मुभा आहे. सर्चचा निर्माण म्हणून तरुणांसाठी उपक्रम आहे, २००६ पासून चालतो. त्याच्या शिबिराला अर्ज करून पाहावा, तिच्यासारखाच विचार करणारी पोरं-पोरी तिथं भेटतील.

कामावर असताना दोन गोष्टी मन लावून शिकाव्यात. एक, एक्सेल आणि खर्चाचा हिशोब. कोणत्या पैशातून काय खर्च झाला, त्याचं विनियोग प्रमाणपत्र कसं बनतं, हे ज्याला येतं त्याला संस्था सोडत नाही. दुसरं, अहवाल लिहिणं, मराठीत आणि हळूहळू इंग्रजीत. एवढं करून तीन वर्षांनीही स्वतःची संस्था काढावीशी वाटली, तर तेव्हा तिला सात चांगली माणसं कुठं शोधायची ते ठाऊक असेल, आणि नोंदणीला कुणाला ४० हजार द्यावे लागणार नाहीत.

लग्नाचं म्हणाल तर स्थळ पाहायला हरकत नाही, पण तिच्या कामाची गोष्ट पहिल्या बैठकीतच काढा. गावं फिरणारी सून चालेल का, हे मुलाकडच्यांना आधी विचारलेलं बरं. जे घर तिथंच नाक मुरडतं, ते नंतरही मुरडेल.

तिला एकटीला ठरवायला लावू नका आणि तिच्या वतीनं तुम्हीही ठरवू नका. वर लिहिलेले प्रश्न दोघांनी मिळून एका कागदावर उतरवा. मुलाखतीच्या दिवशी तिच्याबरोबर यवतमाळला जा, कार्यालय डोळ्यांनी पाहा, तिथल्या जुन्या समन्वयक बायांशी चहाच्या टपरीवर दोन शब्द बोला, पण आत तिला एकटीला बसू द्या. संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षाचा ऑडिट अहवाल मागून घ्या. दोन्ही दाखवले आणि पेट्रोल वेगळं मिळत असेल, तर माझ्याकडून होकार आहे. नियुक्तीपत्र हाती आलं की सही करण्याआधी त्याची प्रत मला पाठवा, मी वाचून दोन दिवसांत कळवते.